जुनी पटाशी, नवी कानस : बेळगाव भागात हातहत्यारं घेताना

पहिली खरेदी धार लावायच्या दगडाची करा. रंधा नको, करवत नको, लाकडी पेटीतला पटाश्यांचा सेट तर मुळीच नको.

नव्या माणसाचं होतं काय, तो मोबाईलवर बघून सेट मागवतो, सागवानाच्या पहिल्या तुकड्यात दोन खाचा पाडतो, पटाशी चालेनाशी होते आणि पेटी माळ्यावर जाते. दोष पटाशीचा नसतो. कारखान्यातून आलेली नवी पटाशीही कामाच्या धारेची नसतेच, ती घासून तयार करायची असते. ज्याला धार लावता येते त्याला भंगारातली गंजकी पटाशीही पुरते. ज्याला येत नाही त्याची महागडी पटाशी शेवटी रंगाचे डबे उघडायला लागते. म्हणून आधी दगड. कार्बोरंडमचा, आठ इंची, एक बाजू भरड आणि एक बारीक. हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. तो मात्र नवाच घ्या. जुना दगड मधोमध खोलगट झालेला असतो, त्यावर पटाशीची पाठ जन्मात सपाट व्हायची नाही.

आता आपल्या भागाविषयी. बेळगावला लोखंडाची सवय जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली सायकलचं दुकान काढलं ते इथे. कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर त्यांनी आधी इथेच बनवले, आणि 1910 मध्ये बिऱ्हाड किर्लोस्करवाडीला हललं. त्यांच्या नावाचा रस्ता गावात राहिला, आणि लोखंडाची हातोटीही राहिली. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर इकडे फाउंड्र्या, हायड्रॉलिक्सचे कारखाने आणि एकेका गाळ्यात लेथ टाकून बसलेली माणसं आहेत. खानापूरच्या बाजूला गेलात की सागवान आणि सुतारकी. पोलादाचे जाणते आणि लाकडाचे जाणते इतके शेजारीशेजारी क्वचितच सापडतात.

पण त्याच फाउंड्र्यांमुळे घाई करावी लागते. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, भंगार पुन्हा वितळवायला जातं. मेस्त्री मंडळी वीजेच्या रंध्याकडे वळली, वडिलांचा बिडाचा रंधा अडगळीत पडला, एका दिवाळीच्या साफसफाईत तो भंगारवाल्याच्या तराजूत गेला आणि तिथून भट्टीत. घरातून निघून भट्टीत पडेपर्यंत मध्ये जे थोडे दिवस जातात, तेवढ्यातच तुम्हाला तो गाठायचा असतो.

जुनं काय घ्यायचं, नवं काय

माझा हिशोब सरळ आहे. जे घासून पुन्हा ताजं होतं ते जुनं घ्या : पटाशी, रंधा, लाकूड तासायचा वाकस, हातोड्याचं तोंड, ऐरण, वस्तू पकडायचा शिकंजा, सुताराची करवत. जे झिजलं की संपलं ते नवं घ्या : कानस, हॅक्सॉचं पातं, ड्रिलचं बिट, आटे पाडायचा टॅप. आणि ज्याच्या भरवशावर माप घ्यायचं ते, म्हणजे व्हर्नियर, पट्टी, काटकोन बघायचा गुण्या, शक्यतो नवं. जुनी कानस 'अजून चालते' म्हणून कुणी देऊ केली तर नम्रपणे नाही म्हणा. ती लोहाराला द्यायची वस्तू आहे. त्या पोलादात कार्बन भरपूर असतो, त्याची सुरी उत्तम होते. रत्नागिरी-चिपळूणला बनणारी जे. के.ची नवी कानस काही फार महाग नाही.

आणि दुकानात जायच्या आधी काम ठरवा. स्टूल करायचं आहे, दाराची बिजागरी बसवायची आहे, की ट्रॅक्टरचे नट आवळायचे आहेत? कामाशिवाय घेतलेलं हत्यार फक्त जागा अडवतं. सुतारकाम शिकायचं असेल तर सुरुवातीला दगड, अर्धा इंची आणि एक इंची अशा दोन पटाश्या, एक रंधा, एक करवत, एक गुण्या. बस. बाकीचं काम स्वतःच मागून घेतं.

कुठे बघायचं

नव्यासाठी बेळगावच्या जुन्या पेठेतली हार्डवेअरची दुकानं आणि उद्यमबागेत कारखान्यांना माल पुरवणारी दुकानं. दुसऱ्या प्रकारची दुकानं नवख्याला ठाऊक नसतात. तिथे काउंटरवर चकचकीत काही मांडलेलं नसतं, पण चांगली कानस, पोलादी पट्टी, खऱ्या कंपनीचे पाने तिथे मिळतात आणि बिलही मिळतं. बिल मागाच. नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला बाजारात फिरतात. अक्षरांची छपाई फिसकटलेली, खोक्यावर पत्ता नाही, किंमत निम्मी असं दिसलं की ठेवून द्या.

जुन्यासाठी भंगारवाले, शनिवारच्या बाजाराच्या कडेला पथारी पसरून बसणारे, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे काम सोडलेल्या मेस्त्रींची घरं. खानापूर, नंदगड, जांबोटीकडे अशी घरं पुष्कळ आहेत. निपाणी-अथणीकडे चप्पल करणाऱ्यांकडे रापी आणि आरी बघायला विसरू नका. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. चामडं कातरायची तिथली रापी हातात घेतली की धार म्हणजे काय ते कळतं. गोकाक, हुक्केरी, बैलहोंगलच्या बाजूला मराठीवर भागेलच असं नाही. 'एष्ट्री?' (कितीला?) आणि 'स्वल्प कडिमी माड्री' (जरा कमी करा) एवढं कन्नड पाठ असलं तरी भाव खाली येतो, आणि माणूस हसतो ते वेगळंच.

एक सावधगिरी. कोरे ड्रिल, टॅप, गेज, ज्यावर कारखान्याचा नंबर कोरलेला आहे आणि जे भंगारात असायचं काही कारणच नाही, ते घेऊ नका. ते कुठून आलं हे विकणाऱ्यालाही सांगायचं नसतं.

खिशात काय हवं

सहा इंची पोलादी पट्टी, एक लहान कानस, रॉकेलमध्ये भिजवून पिशवीत घातलेलं फडकं आणि मोबाईलचा टॉर्च. एवढ्यात सगळी परीक्षा होते.

रंधा

बिडाचे जुने रंधे बहुतेक एकाच घाटणीचे असतात. अमेरिकेच्या लेनर्ड बेलीने बसवलेली ही घाटणी. त्याचे हक्क 1869 मध्ये स्टॅन्लीने घेतले आणि मग इंग्लंडपासून लुधियान्यापर्यंत सगळ्यांनी तीच गिरवली. अंगावर नंबर असतो. 4 नंबर साधारण नऊ इंच लांबीचा, शेवटचा हात फिरवायला. 5 नंबर चौदा इंची, सगळ्या कामाला. दोन्हीचं पातं दोन इंची. एकच घ्यायचा तर 5 नंबर घ्या.

आता हातात घेऊन बघा. आधी तोंड, म्हणजे पातं जिथून बाहेर येतं ती फट. तिच्या दोन्ही कोपऱ्यांना केसाएवढी रेघ दिसते का? फडक्याने पुसा, टॉर्च आडवा धरा. गंजाची रेघ पुसली जाते, तडा जात नाही. तडा असेल तर तिथेच ठेवा, कितीही स्वस्त असो. मग दोन्ही बाजूच्या भिंती बघा. रंधा फरशीवर पडला की त्या तडकतात आणि कुणीतरी पितळेने जोडलेल्या असतात. पितळेची पिवळी शीर दिसली तर ती भिंतीपुरती आहे का ते पाहा, तेवढी असेल तर चालेल. मग पट्टी उभी करून तळाला लावा आणि उजेडाकडे धरा. पुढचं टोक, तोंडाची कड आणि मागचं टोक या तीन जागी पट्टी टेकली पाहिजे. मध्ये थोडा उजेड दिसला तर घाबरू नका, काचेवर सँडपेपर पसरून घासता येतं. तळ केळ्यासारखा वाकडा असेल तर मात्र सोडा.

पातं काढून बघा. नवं पातं साधारण सात इंची असतं. खाचेच्या खाली इंचभर तरी पोलाद उरलंय ना? पात्याच्या वरची लोखंडी पट्टी, पुढच्या मुठीचा बोल्ट, मागचा पितळी नट जागेवर आहेत ना? तो पितळी नट उलट्या आट्यांचा असतो. तो 'फिरत नाही' म्हणून लोक पक्कड लावून मोडतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

मूठ मोडलेली असेल तर आनंद माना. मोडक्या मुठीचा रंधा स्वस्तात पडतो आणि सुतार शिसवीची नवी मूठ सहज करून देतो. स्क्रू हरवला असेल तर जरा विचार करा. या रंध्यांचे बरेच स्क्रू 12 नंबरचे आणि इंचाला 20 आट्यांचे असतात. ते माप हार्डवेअरच्या दुकानात विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडेच बघत राहील. पण उद्यमबागेतल्या जुन्या लेथवाल्याकडे नमुन्याचा एक स्क्रू घेऊन गेलात तर दुसरा तासून मिळतो. तो गिअर बदलून आटे पाडतो आणि चहाएवढ्या वेळात काम होतं. ही सोय सगळ्या गावांना नाही.

लाकडी रंधा आणखी स्वस्त. मेस्त्रींनी स्वतःच केलेला असतो. त्यात तळाची झीज आणि तोंडाची रुंदी बघा. तोंड फार पसरलं असेल तर लाकडाचा तुकडा बसवून अरुंद करता येतं. कीड लागली असेल तर घरी आणू नका, बाकीच्यांनाही लागेल.

पटाशी

पटाशीत फक्त दोन गोष्टी बघायच्या, पाठ आणि पाणी.

पाठ म्हणजे सपाट बाजू. धारेजवळच्या अर्ध्या-पाऊण इंचात गंजाने खड्डे पडले असतील तर ते धारेपर्यंत येतात आणि धार करवतीसारखी तुटत राहते. वर मुठीजवळ कितीही गंज असू द्या, फरक पडत नाही.

पाणी म्हणजे तापवून-विझवून पोलादाला आणलेला कडकपणा. त्याची परीक्षा कानशीने. धारेजवळच्या कोपऱ्यावर कानस हलकेच ओढा. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी शाबूत आहे. मऊपणे चावली तर पटाशी कुणीतरी ग्राइंडरवर जाळलेली आहे. जाळल्याची खूण डोळ्यांनाही दिसते. पाणी दिलेलं पोलाद पुन्हा तापत गेलं की साधारण 220-230 अंशांना फिकट पिवळं होतं आणि 300 अंशांच्या आसपास निळं. निळी झालेली धार म्हणजे मऊ धार. निळा भाग टोकाला दोन-तीन मिलिमीटर असेल तर तेवढा घासून टाकून पुढे जा, पण घासताना दर दोन टेकवण्यांना पाण्यात बुडवा.

शिक्के वाचायची सवय लावा. भंगारवाल्याच्या डब्यातून मी अलीकडे अर्धा इंची पटाशी घेतली. रंगाचे शिंतोडे आणि काजळीसारखा गंज, मूठ नाहीच, नुसता काटा. रॉकेलच्या फडक्याने अंगठा दाबून पुसत गेलो तेव्हा मुठीकडच्या बाजूला आधी इंग्लंडच्या शेफील्ड शहराचं नाव आणि खाली 'कास्ट स्टील' अशी इंग्रजी अक्षरं उमटली. ती वाचून नवखा माणूस बीड समजून ठेवून देतो. ते बीड नव्हे. अठराव्या शतकात शेफील्डला बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, त्या पोलादाचा तो शिक्का. असली पटाशी दिसली की भाव करत बसू नका. माझ्या पटाशीला बाभळीची मूठ बसवली आणि ती आता नव्या पटाशीपेक्षा जास्त वेळ धार धरते.

करवत, शिकंजा, पाने

जुनी करवत डोळ्याला लावून बंदुकीसारखी धरा आणि पात्याची रेघ बघा. हलका बाक निघतो, टोकदार मोड निघत नाही. दाताची टोकं काळी-निळी असतील तर ती कारखान्यात कडक केलेली आहेत, त्यांच्यावर तिकोनी कानस चालत नाही. अशी करवत नवी घेतली तर ठीक, जुनी घेऊन उपयोग नाही. साधी करवत असेल तर दात पुन्हा घासून, एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवून ती पुन्हा चालू होते. खानापुरात हे काम करणारे जुने मेस्त्री अजून भेटतात. एकदा समोर बसून बघा आणि पुढच्या वेळी स्वतः करा.

शिकंजा घेताना पुढचा जबडा थोडा उघडून वर-खाली हलवा. थोडा हलणारच, पण खडखडला तर शिकंजा झिजलाय. वेल्डिंग केलेलं बीड विश्वासाचं नाही. चार इंची पुरे.

पाने जुने घ्यायला हरकत नाही, तोंड फाकलेलं नसावं इतकंच. मात्र एक गफलत नेहमी होते. जुन्या इंग्रजी पान्यांवर 3/8 आणि शेजारी डब्ल्यू असं असेल तर तो आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. तो व्हिटवर्थ मापाचा पाना. जुन्या लेथला, जुन्या पंपाला लागतो, तुमच्या मोटारसायकलला लागत नाही. पक्कड आणि रोजचे मेट्रिक पाने टपारियाचे नवेच घ्या आणि विषय संपवा. कुदळ-फावड्याच्या बाबतीत टाटा ॲग्रिकोविषयी शेतकऱ्यांना काही सांगायला नको.

गुण्या दुकानातच तपासा. फळीच्या सरळ कडेला टेकवून पेन्सिलीची रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर घ्या. नव्या गुण्यातही वाकडे निघतात.

कोयता, कुऱ्हाड, वाकस नवे हवे असतील तर मात्र तयार घेण्यापेक्षा गावच्या लोहाराकडून करून घ्या. गाडीच्या कमान पाट्याचं पोलाद त्याच्याकडे असतंच. दांड्याला धामणीचं लाकूड मिळालं तर उत्तम, नाहीतर बाभूळ. दांड्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत, मध्येच कडेला बाहेर पडलेल्या नकोत.

बोलणी

भंगारवाल्याकडे वस्तू वजनावर असते. तुम्ही रंधा उचलून उजेडाकडे धरलात की त्याला कळतं.

'काय बघूलाय ओ मघापासनं?'

'रंधा हाय, पण मूठ न्हाई की मामा.'

'मूठ नसंना, बीड हाय न्हवं? वजनावर जातंय ते.'

इथे भंगाराच्या दराच्या दुप्पट-तिप्पट बोललात तरी तुम्ही फायद्यात आणि तोही खूश. वस्तूची नालस्ती करून भाव पाडायला जाऊ नका. पुढच्या वेळी असं काही आलं की त्याने तुम्हाला फोन करावा, हे दहा-वीस रुपयांपेक्षा मोलाचं आहे.

मेस्त्रींच्या घरी रीत वेगळी. तिथे वजन काढू नका. चहा घ्या, मेस्त्रींना त्यांनी कुठकुठली कामं केली ते विचारा. खंडेनवमीला पुजलेली हत्यारं असतात ती. दसऱ्याच्या आसपास विकता का म्हणून विचारणं बरं दिसत नाही. पुष्कळ जण आधी एकच विचारतात, वापरणार की शोकेसला ठेवणार? खरं ते सांगा. वापरणार असाल तर कधीकधी वाकसाबरोबर भोकं पाडायचा सामता, गिरमिट असं काहीबाही फुकटही हातात पडतं, आणि त्याहून मोठं म्हणजे ते कसं धरायचं ते दाखवलं जातं.

घरी आणल्यावर

गंज काढायला लिंबूसत्व. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात, लोखंडी भाग सुटा करून रात्रभर. लाकूड आणि पितळ त्यात घालू नका. सकाळी तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, लगेच कोरडं करून तेल लावा. दोन दिवस विसरलात तर आम्ल चांगलं लोखंडही खाऊ लागतं. शिक्का असलेल्या भागाला सँडपेपर लावू नका.

मग धार. आधी पाठ बारीक दगडावर सपाट करा, आरशासारखी व्हायला हवी ती फक्त धारेजवळची पट्टी. मग उतार 25 अंशांचा, आणि शेवटची धार 30 अंशांवर. पाठीवर बोट फिरवलं की बारीक बर, म्हणजे घासून वळलेली पोलादाची कड, लागते. ती धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लागली की थांबा, पटाशी उलटी करून पाठ दगडावर चपटी टेकवा आणि बर काढून टाका. बर लागायच्या आधीच उलटी करणं हीच नवख्यांची घाई. परीक्षा कागदावर नको, कागद कशानेही कापतो. मऊ लाकडाच्या आडव्या कापावर, म्हणजे जिथे रेषांची टोकं दिसतात तिथे, पातळ साल काढून बघा. लाकूड चुरगळलं नाही आणि काप चमकला तर झाली धार.

पावसाळा हा आपल्याकडचा खरा शत्रू. खानापूर, कणकुंबीच्या बाजूला जूनपासून चार महिने भिंतीही घाम गाळतात. हत्यारं कातडी पिशवीत बांधून ठेवू नका, कातडं ओल धरतं. मशीनच्या पातळ तेलाचा हात फिरवून लाकडी खोक्यात ठेवा आणि पंधरवड्याला एकदा उघडून बघा. खोबरेल नको. बेळगावच्या थंडीत ते गोठतं आणि जुनं झालं की चिकटून बसतं. मुठींना जवसाचं तेल उत्तम, पण ते पुसलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून मगच टाका.